पाठ दाखवा

उभ्या यवतमाळ जिल्ह्यात पवित्र शास्त्रातली वचनं माझ्या थोरल्या साडूंइतक्या आत्मविश्वासाने चुकीची सांगणारा माणूस झाला नाही, आणि त्यांच्या हातून दुरुस्त झालेल्या फवारणीच्या पंपाइतका कोरडा पंपही या जिल्ह्यात कोणाच्या पाठीवर चढला नाही. या दोन्ही गोष्टी मी शपथेवर सांगितल्या असत्या, पण शपथ घेऊ नये असं आमच्या मंडळीत शिकवतात, म्हणून नुसतंच सांगतो. पहिल्या गोष्टीची मला कितीतरी वर्षं लाज वाटत होती. दुसरीचा अभिमान वाटायला उशीर झाला, आणि आता त्या उशिराची लाज वाटते. माझं असंच आहे. उपासनेत पापकबुलीची प्रार्थना सुरू झाली की सगळ्यांत मोठा आवाज माझा असतो. शेजाऱ्याच्या सायकलीची हवा गेली तरी मला वाटतं, आपल्याच हातून काही झालं असावं.

साडूंचं दुकान आमच्या तालुक्याच्या गावी, चर्चच्या आवारात, कडुनिंबाखालच्या एका खोलीत आहे. कधीकाळी तिथे मिशनच्या मडमबाईंची घोडागाडी उभी राहत असे. आता फुटक्या टाक्या, दांडे, नळ्या, पट्टे आणि खिळ्याखिळ्याला माळेसारखी ओवलेली वायसरं, यांतून वाट काढत आत जावं लागतं. गिऱ्हाईक दारात येऊन 'राम राम' म्हणो, की शेजारचे वेल्डिंगवाले रज्जाकभाई 'सलाम' म्हणोत, साडूंचं उत्तर एकच असे, "पाठ दाखवा." शाळेत आम्ही या वाक्प्रचाराचा अर्थ 'पळ काढणे' असा लिहून गुण मिळवले होते. साडूंकडे त्याचा अर्थ 'आत या' असा होता. माणूस वळला की ते त्याच्या सदऱ्यावरून मानेपासून कमरेपर्यंत तळहात फिरवत. पंपाचं पुढे बघू, आधी औषध पाठीवर गळतंय का, पाठ ओली की कोरडी ते कळलं पाहिजे. त्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या लोकांना ते पाठीवरून ओळखत आणि तोंडावरून मुळीच ओळखत नसत. बाजारात समोरून आलेल्याला ओळख न देता पुढे जात, आणि तो ओलांडून गेला की मागून ओरडत, "अरे देवराव, तू होता काय बे!" माझ्या लग्नात चर्चच्या दाराशी अभिनंदनाची रांग लागली होती. हे रांगेत न येता माझ्या मागे आले आणि कोटावरून अख्ख्या पाठीवर सावकाश हात फिरवला. वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद समजून माझे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून आवाज आला, "घाम हाय. गळती नाई."

दुरुस्त झालेला पंप ते लगेच देत नसत. टाकीत काठोकाठ पाणी भरायचं, त्यात मूठभर नीळ घालायची, अंगावर रविवारचा, चर्चला घालून जायचा पांढरा शर्ट चढवायचा, पंप पाठीवर बांधायचा आणि खोलीपासून आवाराच्या फाटकापर्यंत दांडा मारत जाऊन परत यायचं. मध्येच पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत वाकल्यासारखं वाकायचं, शेताचा बांध, आमच्याकडचा धुरा, ओलांडल्यासारखी एक उडी घ्यायची. परत आल्यावर जो कोणी हजर असेल त्याला पाठ दाखवायची. मोहरीएवढा जरी निळा ठिपका दिसला, तरी पंप पुन्हा उघडला जाई. "जुना शर्ट घाला की," मी एकदा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कुठेतरी गळतोय. "बाबू, कामाच्या कपड्यावर समदंच खपते. देवाच्या कपड्यावर खपत नाई." नीळ ते इतकी सढळ हाताने घालत की ती धुतल्यावरही पुरती जात नसे. त्यांचा प्रत्येक शर्ट पाठीमागून ढगाळलेला होता. ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, दर रविवारी इस्त्री करताना बडबडत असे. "चालले प्रभूभोजनाले पाठीवर आभाळ घेऊन! लोकं गीताच्या पुस्तकात नाई पाहत, ह्यांच्या पाठीत पाहतात." साडू शांतपणे म्हणत, "पाहू दे न. तेवढीच जाहिरात."

पंप घ्यायला मालक आला तर त्याला तो मिळेलच असं नव्हतं. एकदा थेट ढाणकीहून एक बागायतदार मोटारसायकलवर आला. साडूंनी विचारलं, "हा कोणाच्या पाठीवर जाईन?" तो म्हणाला, "माह्या गड्याच्या." "मंग गड्याले पाठवा. पट्टा त्याच्या खांद्याचा कराव लागते." तो भडकला, "अहो, पंप माहा हाय!" "पंप तुमचाच हाय जी. पाठ तुमची नाई." बागायतदार मोटारसायकलला लाथा घालत गेला, आणि दुसऱ्या दिवशी गड्याला मागे बसवून आला. पट्टा खांद्याला नीट बसल्यावर त्या गड्याने नुसतेच खांदे उडवून पाहिले आणि लाजून हसला. खांद्याची मापं घेणारा शिंपी त्याला त्याआधी भेटला नसावा.

पंप हाती देण्यापूर्वी प्रार्थना होई, आणि ती माणसाचं नाव घेऊन होई. देवराव हा रोजाने लोकांच्या शेतात फवारणी करणारा मजूर. त्याच्या पंपावरची प्रार्थना मी स्वतः ऐकलेली आहे. "हे स्वर्गीय बापा, हा पंप उद्या देवराव पाठीवर घेनार हाय. देवराव तुह्या ध्यानात नसन तं सांगतो, थो नाल्याच्या अंगचा, डाव्या पायानं लंगडते थो—" देवराव मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, "उजव्या." "—उजव्या पायानं. वारा त्याच्या तोंडावर येऊ देऊ नोको, मागून येऊ दे. अन् फवारता फवारता तंबाखू मळाची नाई, येवढी अक्कल त्याले दे. ए देवराव, पट्ट्याले हात लावू नोको, अजून आमेन झालं नाई!" असं लांबत गेलं की रज्जाकभाई वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून पलीकडून मोठ्याने "आमीन!" म्हणत, आणि मग ती संपे. "तुमच्या अल्लाले लवकर ऐकू येते वाटते," साडू कुरकुरत. "हौ भाऊ," रज्जाकभाई म्हणत, "अन् त्याले दुसरी कामंबी हायेत."

शास्त्राचं मात्र काही विचारू नका. त्यांच्या मते प्रेषित पौलाने वायसर बदलल्याशिवाय पंप बंद करू नये असं कुठल्याशा मंडळीला कळवलं होतं, आणि पेत्राचा नोझलवर फार कटाक्ष होता. "दाविदानं ओढ्यातून पाच गोटे काहून उचलले, सांग? राक्षस तं एकच होता. एक माराले, चार स्पेअर! ज्याच्यापाशी स्पेअर नाई त्यानं राक्षसाच्या नादी लागू नये." म्हणून खोलीच्या कोपऱ्यात त्यांचे स्वतःचे चार जुने पंप कायम सज्ज असत, आणि त्यांना ते दाविदाचे गोटे म्हणत. एखादा पंप त्याच दिवशी होणार नसला तर त्यातला एक उसना जाई. येशू ख्रिस्त सुतार होता, याचा तर त्यांना स्वतःच्या घरातली गोष्ट असल्यासारखा गर्व होता. "त्याच्या हातचा पाट डुगडुगत असता, तं डोंगरावरचं प्रवचन कोनी ऐकलं असतं काय?" मी घरी येऊन चारही शुभवर्तमानं चाळली. पाटाचा उल्लेख नव्हता. डुगडुगण्याचाही नव्हता.

आमच्या मंडळीत 'पाचारण' हा फार जड शब्द आहे. वर्तमानपत्रात पाचारण पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला होतं. आमच्याकडे ते पाळकाला होतं, देव त्याला नावाने बोलावून घेतो. मी लहानपणी तापाने फणफणलो होतो, तेव्हा पोरगा वाचला तर तुझ्या सेवेला देईन, असं म्हणून आईने मला प्रभूला अर्पण केलं होतं. मी वाचलो, आणि पंचायत समितीत आवक-जावक कारकून झालो. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. देवाकडून यायचा माझा कागद तेवढा आलाच नाही, ही बोच घेऊन मी नोकरी केली. एकदा साडूंजवळ हे बोलून गेलो, तर ते वायसर घासता घासता म्हणाले, "मले आलतं पाचारण."

"केव्हा?"

"मी पाळक व्हाले शास्त्रशाळेत गेलतो. सुटीत घरी आलो. बाजीवर बसून प्रवचन पाठ करून राह्यलो होतो. बाबा मिशनचा माळी. संत्र्यावर फवारा मारून आला न् दारातच बसला. बंडी मागून चिंब. मले वाटलं, घाम हाय. म्या प्रवचन पुरं केलं, मंग उठलो." ते वायसर उजेडात धरून पाहत राहिले. "वाचला बाबा. पन मंग नीट उभा नाई राह्यला कधी."

"आणि पाचारण?"

"थेच तं सांगून राह्यलो न बाबू. आवाज-बिवाज काई नाई आला. बंडी ओली होती, तेवढंच."

शास्त्रशाळेत ते परत गेले नाहीत. पुढे राजूरच्या कोळसा खाणीत वर्कशॉपमध्ये त्यांना चांगली नोकरी लागली, सगळ्या नातेवाइकांनी पेढे खाल्ले, आणि पेढे पचायच्या आत हे परत. "मशिनी मस्त हायेत. पन कोनाच्या पाठीवर जातात, थेच समजत नाई." मडमबाईंनी देश सोडून जाताना गाडीखान्याची ती खोली त्यांना वापरायला दिली. अट तोंडी, आणि एकच. खोलीत सेवाच झाली पाहिजे. साडूंनी दुसऱ्याच दिवशी दारावर पाटी लावली, 'येथे सेवा केली जाते'. नवे पाळकसाहेब गावात आले त्या दिवशी ती पाटी वाचून, चपला बाहेर काढून, हात जोडून आत गेले होते आणि पायांना तेल माखून बाहेर आले होते.

बोंडअळीची ती वर्षं. कापसाचा भाव बसलेला, आणि अळी मरेना म्हणून लोक फवारणीवर फवारणी करत होते. त्यातल्या एका पावसाळ्यात पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. औषध पानांवरून उलटं तोंडावर येई. फवारणी करणारी माणसं दवाखान्यात भरती होऊ लागली. साडू उजाडल्यापासून खोलीत असत, जेवायला घरी येत नसत, आणि त्यांच्या प्रार्थनाही लांबल्या होत्या. नेमका तेव्हाच मंडळीच्या पंचकमिटीत विषय निघाला की तरुणांच्या प्रार्थनेला जागा नाही, आणि गाडीखान्यात तर धंदा चालतो. मडमबाईंची अट मोडली असेल तर खोली रिकामी करून घ्यावी. म्हणणं खोटं नव्हतं. पोरं खरंच व्हरांड्यात बसून प्रार्थना करत होती. मी कमिटीचा सचिव, त्यात आरोपीचा साडू, म्हणजे मी गप्प बसायचं असं ठरलं. बाजारात भाड्याने खोली घेण्याची साडूंची ऐपत नव्हती. खोली गेली की दुकान गेलं, आणि ते भर फवारणीच्या दिवसांत. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्यांसमक्ष त्यांचं म्हणणं ऐकायचं ठरलं.

त्या रविवारी ताईने एक चूक केली. नवऱ्याने चार लोकांत नीट दिसावं म्हणून तिने आभाळ उतरलेले सगळे शर्ट पेटीत कोंबले आणि त्यांना नवा कोरा, गडद चॉकलेटी शर्ट घातला. कडुनिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. पाळकसाहेब अजून उपासनेच्या पांढऱ्याशुभ्र झग्यातच होते. कुंपणापाशी देवराव उकिडवा बसला होता. त्याचा पंप दुरुस्त झाला होता, नुसती निळीचं पाणी घेऊन फाटकापर्यंतची चाल बाकी होती, आणि सोमवारी सकाळी त्याला रोजाने जायचं होतं.

"काका," पाळकसाहेब मृदूपणे म्हणाले. वयाने ते साडूंच्या मुलाएवढे होते. "मला एवढंच सांगा, या खोलीत कोणती सेवा होते?"

साडूंनी आठवडाभर भाषण तयार केलं होतं. मला त्याचीच धास्ती होती. त्यांनी दाविदापासून सुरुवात केली, पौलाकडे वळले आणि पेत्राच्या पत्रातलं म्हणून जे सांगितलं, त्यावर पाळकसाहेबांनाही बोलावं लागलं. "काका, पेत्राने नोझलविषयी काही लिहिलेलं नाही."

"नसन लिहलं. पन थो मासोळ्या धरे न? फाटकं जाळं पान्यात टाके काय?"

लोक हसले. साडू गडबडले. पुढचं आठवेना. मी मान खाली घालून त्यांच्या वतीने शरमत होतो. तेवढ्यात कुंपणापासून देवराव म्हणाला, "दादा, भाषन झालं असन तं पंपाचं पाहा न. मले जाचं हाय." साडूंना जणू सुटका मिळाली. ते उठले, टाकी भरली, नीळ घातली, आणि शर्टाकडे बघून थबकले. चॉकलेटी! त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने निंबाकडे पाहिलं. मग त्यांची नजर सगळ्या आवारात फिरली आणि पाळकसाहेबांच्या झग्यावर येऊन थांबली.

"साहेब, जरा उभे राहा बरं. पाठ दाखवा."

पाळकसाहेब बिचारे सवयीने आज्ञाधारक. काय होतंय ते कळायच्या आत पंप त्यांच्या पाठीवर होता. "फाटकापर्यंत जाऊन या. दांडा मारत राहा. गुलमोहरापाशी वाका." आणि आमच्या मंडळीचे पाळक, पांढरा झगा सावरत, आवारभर निळे तुषार उडवत निघाले. परत येताना त्यांची चाल बदलली होती. फाटकापाशी त्यांनी धुऱ्यावरची उडीसुद्धा घेतली, आणि ती त्यांना कोणी सांगितलेली नव्हती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. साहेब हसत येऊन वळले.

कमरेच्या वर, डाव्या अंगाला, निळा डाग होता. आमच्या डोळ्यांदेखत तो तळहाताएवढा झाला.

मागच्या खुर्चीवरचे एक पंच हळूच म्हणाले, "गळला." ताईने पदर तोंडाला लावला. खोली गेली, हे तिला कळलं होतं, मला कळलं होतं. साडूंना ते कळलंच नाही. त्यांनी डागावर हात ठेवला, जसा ते कुणाच्याही पाठीवर ठेवत, आणि त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, ही नीळ हाय," ते म्हणाले, "धुतली तं जाईन. उद्या देवरावच्या पाठीवर नीळ नसती." आणि पंच, पाळक, खुर्च्या सगळं विसरून ते जमिनीवर बसले, पंप मांडीवर आडवा घेतला आणि उघडला. वायसर ठीक होतं. टाकीच्या बुडाला केसासारखी बारीक चीर होती. "म्या पाह्यलीच नाई. वरचंच पाहत राह्यलो. देवराव, माफ कर लेका. हा उद्या भेटत नाई."

"मंग माही रोजी?" देवरावने विचारलं.

"बाबू, दाविदाचा गोटा आन!" ते माझ्यावर ओरडले. मी धावलो. सचिव असल्याचं मी त्या वेळी विसरलो होतो, आणि आयुष्यात प्रथमच कशाबद्दलही अपराधी न वाटता धावत होतो. कोपऱ्यातला जुना पंप आणला, भरला. आता तपासायचा कोणी? साडू विचारण्यापूर्वीच पाळकसाहेब पाठ करून उभे राहिले. उजव्या अंगाला झगा अजून पांढरा होता. "बांधा," ते म्हणाले.

ते पुन्हा फाटकापर्यंत गेले. परत आले, वळले. साडूंनी हात फिरवला. देवरावनेही फिरवला. "कोरडी हाय," देवराव म्हणाला. मग पंपावर प्रार्थना झाली, उजव्या पायासकट, आणि पलीकडून रज्जाकभाईंनी या वेळी घाई केली नाही.

देवराव गेल्यावर एका पंचाने विचारलं, "साहेब, मंग खोलीचं काय?" पाळकसाहेब झग्याचं टोक पिळत होते. ते म्हणाले, "पोरांना माझ्या घरातली पुढची खोली देऊ. तसाही मी एकटाच आहे." एवढंच. पुढच्या रविवारी ते तोच झगा घालून आले. ताईने तो स्वतः घासून धुतला होता, तरी फिकट निळसर ढग राहिलाच होता. प्रभूभोजनाच्या वेळी ते वेदीकडे वळले तेव्हा सगळ्या मंडळीने तो पाहिला. माझ्या शेजारी साडू बसले होते, चॉकलेटी शर्ट टाकून पुन्हा आभाळात. त्यांची पाठ मला दिसत नव्हती, पण माझी मान इतकी ताठ झाली होती की मागच्या बाकावरच्याला वेदी दिसत नसणार.

आता बॅटरीचे पंप आले. बिघडला की लोक नवा घेतात. साडूंचे गुडघे गेले, भरली टाकी घेऊन फाटकापर्यंत जाणं त्यांना होत नाही. आठवड्याला एखादा जुना पंप येतो, तेव्हा कार्यालय सुटल्यावर मी जातो. खोलीत माझा एक पांढरा शर्ट खिळ्याला टांगलेला असतो. टाकी पाठीवर घेतो, दांडा मारत फाटकापर्यंत जातो, गुलमोहरापाशी वाकतो. उडी मला नीट जमत नाही, त्याबद्दल ते दर वेळी बोलतात. परत येऊन मी त्यांच्या स्टुलासमोर पाठमोरा उभा राहतो. त्यांचा हात आता खरखरीत झालाय. बोटांना ओलं-कोरडं फारसं कळत नाही, असं ताई म्हणते. ते मानेपासून कमरेपर्यंत सावकाश हात फिरवतात. लग्नाच्या दिवशी मी त्या हाताला आशीर्वाद समजून फसलो होतो.

"कोरडी हाय," ते म्हणतात. पण हात लगेच काढत नाहीत, आणि मीही वळत नाही.